विजेच्या रवीवरचं ‘कै.’

भावजी, उत्तर न ऐकताच गेलात. अर्ध्या भांडणातून उठून जायची खोड तुमच्या घराण्याला आहेच. तुमचे थोरले बंधू, म्हणजे आमचे हे, जन्मभर तेच करत आलेत. भांडण रंगात आलं की यांना एकदम म्हशीचं पाणी आठवायचं. फौजेतून पेन्शनीत आल्यावर बुटाचं पॉलिश आठवायला लागलं. पण हे निदान परत येतात.

दवाखान्यात त्या दुपारी नाकातली नळी बाजूला सारून तुम्ही म्हणालात, “वहिनी, खरं सांगा. आईचं नाव नसतं तर तुमी ठेवली असती का वो ती रवी?”

मी म्हटलं, “आधी ती नळी नाकात घाला. घरी या, मग सांगते. हितं सांगितलं तर नर्सबाई मलाच बाहेर काढतील.”

तुम्ही हसलात, हसताना खोकला आला, आणि नर्सबाईंनी मला खरंच बाहेर काढलं. त्यानंतर घरी आलात ते खांद्यावरूनच.

म्हणून हे लिहायला बसले आहे. उत्तर देणार आहे, पण लगेच नाही. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही अशी संधी मला या घरात आल्यापासून पहिल्यांदा मिळाली आहे. आधी जरा तोंड मोकळं करून घेते.

तुमची शोकसभा झाली. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यात तुमचा गाल तुमच्या लेकानं, महेशनं, कॉम्प्युटरवर इतका गोरा करून घेतला होता की सुलभानं, तुमच्या बायकोनं, घटकाभर दुसऱ्याच कुणाकडे बघावं तसं बघितलं. सभेत जो उठला तो एकच बोलला. “अण्णांनी टिकाऊ वस्तू केली. आजच्या वापरा आणि फेका या जमान्यात अण्णांची विजेची रवी घराघरात आहे.” हे वाक्य सगळ्यांत गहिवरून बोललेल्या गृहस्थांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. त्यांच्याकडे तुमची रवी गच्चीत आहे. पाण्याच्या टाकीचा पाइप वाऱ्यानं हलू नये म्हणून ती त्याला टेकू दिलेली आहे. टिकली आहे, नाही कशाला म्हणू? पाइपही टिकला आहे.

मी पुढच्या खुर्चीत बसून पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, वहिनी रडतायत. रडतही होते. पण तेवढंच नाही.

वाचणाऱ्यांतल्या पोरीबाळींना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. ताक घुसळायची रवी विजेवर चालवायची, दोरीनं हात भरून यायला नको, म्हणून तुम्ही कुपवाडला पत्र्याची शेड घेऊन हे मशीन केलंत. वर मोटर, खाली दांडी, दांडीच्या टोकाला फूल. डेऱ्यावर आडवी पट्टी टाकून त्यावर ते बसवायचं आणि बटण दाबायचं. पहिली रवी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलीत तेव्हा मी नवी सून होते आणि महामूर्ख होते.

त्या पोरीबद्दल दोन शब्द बोलूनच घेते. रहिमतपुरातून आलेली ही इंदू ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून आली होती. मासिकातून कापलेलं मिक्सरचं चित्र. भोपळी रंगाचा मिक्सर, शेजारी हसणारी बाई, मागं त्याच रंगाचे पडदे. रात्री ट्रंक उघडून इंदूबाई दर्शन घ्यायच्या. आमच्या घरात पडदेच नव्हते, पण मिक्सर आला की पडदे आपोआप येतील अशी तिची पक्की समजूत. जी वस्तू नवी ती चांगली, जी चकचकीत ती शहाणी, आणि जी शेजारणीकडे आधी आली ती आपल्याला तातडीनं पाहिजे, एवढीच तिची अक्कल. आज ती समोर आली तर तिला रवीच्या दांडीनंच हाणीन.

अशा बयेसमोर तुम्ही काय आणून ठेवलंत? लेथ मशीनला मारतात तसला हिरवा रंग. उचलायला पाट्याइतकी जड. आणि वर तुमची छाती फुगलेली.

“वहिनी, शंभर वर्षं मोटर जळायची न्हाई. जळली तर नाव बदला माझं.”

“जळायची न्हाई हीच तर पंचाईत हाय भावजी. जळली असती तर टाकून तरी देता आली असती.”

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं वहिनीनं थट्टा केली. मी थट्टा करत नव्हते. मोटर आणि दांडी जिथं जुळतात तिथं तुम्ही एक टोपी घट्ट ठोकून बसवली होती. घुसळताना ताक उडून त्या टोपीत शिरायचं आणि तिथंच राहायचं. चार दिवसांनी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, “आरं दत्ता, त्या तुज्या मशिनीत उंदीर मेलाय का रं?”

मी तुम्हाला एक दिवस रवी आणि दात घासायचा जुना ब्रश दिला आणि म्हटलं, धुऊन द्या. तुम्ही न्हाणीघराजवळच्या नळाखाली सकाळभर बसलात. काडी घातली, सुई घातली, फुंकर मारली. शेवटी उठून म्हणालात, “एवढं घासायचं कशाला? वरनं पुसून ठेवायची.” म्हणजे ज्यानं वस्तू केली त्यानं ती आयुष्यात एकदा धुतली, आणि तीही अर्धवट. बाजारात आजही जे काही येतं ते उघडून बघितलं की मला कळतं, हे करणाऱ्याच्या हातात कधी कुणी घासणी दिलेली नाही.

पुढं वर्ष भरायच्या आतच सासूबाई गेल्या आणि तुम्ही तो पराक्रम केलात.

आपल्याकडे नाव नसलेलं भांडं म्हणजे बेवारशी भांडं. लग्नाचा तांब्या असला तर त्यावर मामाचं नाव, बारशाच्या वाटीवर आत्याचं, आणि कुणाच्या उत्तरकार्याला वाटलेलं ताट असलं तर त्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. घरातली मांडणी वाचली की सोयरे-धायरे, जिवंत-मेलेले सगळे भेटतात. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. तरीही आईच्या प्रेमानं तुमची बुद्धी अशी काही ओसंडली की तुम्ही रवीच्या झाकणाचा साचाच बदललात. प्रत्येक झाकणावर ओतीव, फुगीर, ठसठशीत अक्षरं. ‘कै. कृष्णाबाई यांच्या स्मरणार्थ’. वाटायला काढलेल्या नव्हेत, विकायला काढलेल्या प्रत्येक रवीवर! माझ्या ओट्यावरच्या पहिल्या रवीचं झाकणही काढून तुम्ही तेच बसवलंत.

मी म्हटलं होतं तुम्हाला. “भावजी, दुकानात ही घेणार कोण?”

“आईचं नाव हाय वहिनी. आईच्या नावाला कोण नको म्हनंल?”

कोण नको म्हणेल ते शिराळ्यात कळलं. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. तुम्ही स्वतः स्कूटरवर पायाशी रवी ठेवून आलात, मी मागं बसून तुमच्या पाठीला सांगत होते की चादर द्या, टोप द्या, काहीही द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. रुखवताच्या टेबलावर लाडवांच्या आणि विणलेल्या तोरणांच्या मधोमध तुम्ही ती हिरवी धोंड ठेवलीत आणि झाकण पुढं फिरवलंत, अक्षरं दिसावीत म्हणून. मुलाची आत्या चष्मा लावून एकेक वस्तू वाचत आली. वाचली, थांबली, परत वाचली.

“कैलासवासी कृष्णाबाई ही कोन वो?”

“आमच्या आई,” तुम्ही हात जोडून म्हणालात.

“आवं मग तुमच्या आईला तुमच्या घरात ठेवा की! आमच्या पोराच्या लग्नात सुतक कशाला मांडलंय?”

सनईवालासुद्धा थांबला. माझ्या मावसबहिणीनं चटकन एक साडी उचलून रवीवर टाकली, त्यामुळं तर ते आणखीच मयत झाकल्यासारखं दिसायला लागलं. आत्या म्हणाली, “काढा ते हितनं!” आणि तुम्ही ते उचललंत. जेवलाही नाहीत. परतताना पेठ नाक्याला चहाला थांबलो तेव्हा तुम्ही कपाकडे बघत बसलात आणि मी इतकी हसले, इतकी हसले की चहावाल्यानं पाण्याचा जग आणून ठेवला. शेवटी तुम्हीही हसलात. तुमच्यावर राग धरणं मला तिथून पुढं कधी नीट जमलं नाही, हा त्या आत्याबाईंनी केलेला गोंधळ.

साचा झाला होता, झाकणं ओतून झाली होती. ती वाया घालवायला तुम्ही तयार नव्हता. मग काही रव्या दुकानदारांनी अक्षरांवर किमतीचं लेबल चिकटवून खपवल्या, काही तुम्ही नातलगांच्या गळ्यात मारल्या. आणि नंतर जे झालं त्यानं तुमचं डोकं कायमचं फिरलं. लोकांनी त्या रव्या टाकल्याच नाहीत.

का टाकल्या नाहीत ते मी ओट्याजवळच्या खिडकीतून बघितलं आहे. समोरच्या काकींनी मिक्सर आल्यावर तुमची रवी भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. त्यानं वजन करायला उचलली, झाकणावरून बोट फिरवलं आणि परत खाली ठेवली.

“मावशी, मयताचं नाव हाय हिच्यावर. नाव घासून द्या, मग घेतो.”

“मी कशी घासू? भाड्या, तूच घास की.”

“मी का घासू? माजी कोन लागती ती?”

दोघांनी कृष्णाबाईंना एकमेकांकडे ढकललं आणि शेवटी काकी रवी उचलून माळ्यावर ठेवून आल्या. ओळख ना पाळख, पण मेलेल्या बाईचं नाव भंगारात घालायची छाती कुणाची होत नव्हती. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या गच्चीत, तुमच्या आई जिल्हाभर पसरल्या.

आणि तुम्ही म्हणायला लागलात, “बघा वहिनी, लोकांना ठेवाविशी वाटतीया.”

“ठेवाविशी वाटत न्हाई, टाकायचं भ्या वाटतंय.”

“ठेवली न्हवं?”

“मारुतीच्या देवळाबाहेर लिंबू-मिरची पडलीया, ती बी कोन उचलत न्हाई. म्हनून काय ती लोकांच्या आवडीची झाली?”

हे भांडण आपलं किती वर्षं चाललं! दिवाळीच्या फराळावर चाललं, माझ्या नातवंडांच्या बारशात चाललं, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही वॉकर धरून उभे असताना चाललं. चालू वस्तू बायका का टाकतात हे तुम्हाला कळत नव्हतं. चालते म्हणून कुणी वस्तू ठेवत नाही हो. हाताला लागते, धुवायला सोपी असते, तिची जागा ठरलेली असते, दुसऱ्या कुणी नीट धरली नाही तर आपल्याला राग येतो, तेव्हा ठेवतात. तुमचं म्हणणं, मोटर मजबूत पाहिजे, बाकी बायकांचे नखरे. आणि मजबूत मोटर घेऊन तुमची रवी पाइपला टेकू देत उभी.

मागच्या वर्षी आमची सई तिच्या पुण्याच्या कंपनीतली माणसं घेऊन आली. माझी नात म्हणून सांगते असं नाही, पोरगी हुशार आहे. पण तिच्या बरोबरची ती मंडळी! मिक्सर बनवणारी कंपनी, आणि यांना कुणीतरी वरून सांगितलेलं की माणसांना जास्त वर्षं ठेवावीशी वाटेल अशी वस्तू करायची. म्हणून ही पोरं रंगीत चिठ्ठ्या घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवायला लागली. एकानं कृष्णाबाईंचा फोटो काढला, म्हणजे झाकणाचा, आणि मला विचारलं, “आजी, या वस्तूशी तुमचं भावनिक नातं काय आहे?”

मी म्हटलं, “ती माझी सासू आहे.”

पोरानं ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, आणि खाली रेघ मारली.

तुम्ही मात्र खुर्चीत असे फुललात. वस्तूत आठवण घातली की वस्तू टिकते, हे तुमचं तत्त्वज्ञान त्यांनी डोक्यावर घेतलं. मी त्यांच्या कंपनीचा मिक्सर आणायला लावला आणि म्हटलं, खालचा स्क्रू काढून दाखवा. निघेना. असला स्क्रू की बाजारातला कुठलाही पेचकस त्याला लागत नाही. आत एक रबरी चकती झिजली तरी अख्खा मिक्सर टाकायचा, आणि वर विचारायचं की आजी, नातं काय! सई तोंड पाडून म्हणाली, “आज्जी, मी तिथं रोज हेच भांडते गं.” मग एकदम मान वर करून, “पण तू पण फार बोलू नकोस. गेल्या दिवाळीला चालू फोन टाकून नवा का घेतलास?”

“त्याचा रंग मला आवडत नव्हता.”

“जांभळा आला म्हणून घेतलास.”

तुम्ही टाळी मागितलीत तिच्याकडे. भोपळी मिक्सरवाली इंदू अजून मेलेली नाही, हे तुम्हाला कळलं आणि तुमचा दिवस सोन्याचा झाला.

पण त्या दिवसानंतर तुम्ही शेडवर पुन्हा जायला लागलात. आजार अंगात होता, महेश ओरडत होता, तरी जात होता. आणि पावसाळा संपता संपता एक दिवस नवीच रवी घेऊन आलात. भाषण नाही, शंभर वर्षांची बात नाही. गुपचूप ओट्यावर ठेवलीत. हलकी. कुठल्याही डेऱ्यावर, स्टीलच्या डब्यावरसुद्धा बसणारी. दांडी अर्धा फेरा फिरवली की सुटून हातात येत होती आणि ती टोपी नव्हतीच. नळाखाली धरली, बोट फिरवलं, झालं. झाकण कोरं होतं.

मी आठवड्याची विरजलेली साय घुसळली. लोणी आलं. दांडी धुऊन वाळत ठेवली.

“कशी हाय?”

“बरी आहे.”

“बरी म्हंजे?”

“बरी म्हंजे बरी.”

आपल्याकडे ‘बरी’चे अर्थ किती, ते तुम्हाला शिकवायला नको होतं. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, आणखी काही येतंय का म्हणून. मी लोण्याचा गोळा पाण्यात टाकत होते. असली मी एक.

झाकणं कोरी ठेवून तुम्ही थांबलात ते नाव घालायचं की नाही हे ठरत नव्हतं म्हणून. दवाखान्यातला प्रश्न तिथून आला, हे मला नंतर कळलं. शेडमध्ये नव्या रव्या तयार होऊन पडल्या होत्या आणि तुम्ही माझ्या उत्तरासाठी अडला होता. मी म्हटलं, घरी या.

आता इथलं ऐका. तुमच्या उत्तरकार्याला काय वाटायचं यावर घरात बसणं झालं. महेश म्हणाला, पप्पांच्या रव्याच वाटू, झाकणावर लेझरनं नाव घालून घेतो, ‘कै. दत्तात्रय यांच्या स्मरणार्थ’, शेजारी फोटो पण उमटतो. सुलभा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “घाल बाबा. त्यांचं नाव कुठंतरी ऱ्हायला नको का?” आणि डोळ्याला पदर लावला.

सगळे गप्प झाले. मी झाले नाही.

“नाव घालू नका.”

“का काकी?” महेशचा आवाज चढला. “नाव घातलं तर कोन टाकणार न्हाई. चांगलंच की.”

“काय चांगलं? तुझ्या बापाला मरेपर्यंत कळलं न्हाई, लोकांनी ठेवली ती रवी का आई. आता त्यांचं बी तेच करनार? लोकांच्या माळ्यावर आज्जीशेजारी नेऊन बसवनार बापाला?”

“काकी, आज तरी…”

“आज न्हाई तर कवा?”

तेवढ्यात सई दारातून म्हणाली, “नाव न घालता वाटा ना. ज्याला टाकायची त्याला टाकू दे. मग जी राहील ती खरी राहिली.” कल्पना तिची. मी सगळ्यांना माझी म्हणून सांगते आहे; तिचं वय लहान आहे, तिला आणखी सुचतील.

महेश आईकडे बघायला लागला. मला खरं सांगायचं तर धाक वाटला, भावजी. नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला मी सांगत होते की त्याचं नाव पुसा. सुलभा बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “आख्ख्या जन्मात रोज सकाळी रवी काढली की पयली सासू वाचली मी. आता तिथं नवरा वाचायचा न्हाई मला.” आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, “रडतच ताक करायचं का मग रोज?”

महेश उठून बाहेर गेला. त्याच्या पाठीवरून कळत होतं की त्याला पटलं नव्हतं. पण झाकणं कोरी राहिली.

वाटताना मजा आली. जो तो रवी हातात घेऊन उलटीपालटी करत होता. नाव शोधत होते. एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, “आवं, घाईत नाव घालायचं इसरला जनू तुमी.” मी म्हटलं, व्हय, इसरलो. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी दोन मागितल्या. गच्चीतल्या पाइपवाल्या गृहस्थांनी ती छातीशी धरून “अण्णांची शेवटची खूण” असं म्हटलं. पंधरवडा उलटायच्या आत ती खूण मोबाइलवर जुन्या वस्तू विकतात तिथं सईला दिसली. ‘नवीन, न वापरलेली.’ मागं त्यांच्याच सोफ्याचा हात दिसत होता. महेश चिडला, फोन लावायला निघाला. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या आज्जीच्या वेळी हा माणूस असं करू शकला नसता. आता करू शकतो. हेच तर बघायचं होतं.

आणि आता तुमचं उत्तर. पहिली रवी, आईचं नाव नसतं तर, मी नसती ठेवली. टोपीतल्या त्या वासासकट पहिल्या वर्षीच घालवली असती आणि त्या पैशात इंदूबाईंनी पडदे घेतले असते. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही हाय हाय केलं असतंत, मी चहा टाकला असता.

नव्या रवीचं विचाराल तर माझी साक्ष चालणार नाही. झाकण कोरं असलं म्हणून काय झालं, मी बटण दाबलं की मला न्हाणीघराजवळ ब्रश घेऊन बसलेले तुम्हीच दिसता. मी ती कुठं टाकणार? सुलभाचीही साक्ष चालणार नाही. तुमच्यावर जीव नसलेलं माणूस पाहिजे. मी असं एक माणूस शोधून ठेवलं होतं. रहिमतपुरातली माझी भावजय कमल. तिच्या ताकाला तुम्ही एकदा भर पंगतीत आंबट म्हणाला होता. तेव्हापासून तिनं तुम्हाला वाढलं, पण कधी “आणखी घ्या” म्हटलं नाही. तिच्याकडे अजून दोन म्हशी आहेत. तिला मी मुद्दाम एक रवी पाठवली. वर काही लिहिलं नाही, निरोप दिला नाही.

काल तिचा फोन आला. हॅलो नाही, बऱ्या आहात का नाही.

“वन्सं, ह्या तुमच्या दत्तोबांनी वायर केवढी तोकडी ठेवलीया वो! ओट्यावरनं बटनापतुर पोचतच न्हाई. मानसानं मशीन करताना घर तरी बगावं का न्हाई कुनाचं? डेरा उचलून खिडकीखाली न्यावा लागला मला. तिथली दळनाची डबडी हलवून जिन्याखाली टाकली. तुमचा भाऊ त्याला रोज ठेचकाळतोय आन् माज्यावर वरडतोय. पाट ठेवला, पाटावर घमेलं पालथं घातलं, तवा कुठं वायर पोचली.”

“एवढा तरास हाय तर दे टाकून,” मी म्हटलं. “नाव बी न्हाई कुनाचं तिच्यावर.”

पलीकडं भांडं दाणकन आपटल्याचा आवाज आला.

“टाकून? का म्हनून टाकून?” कमल अशी उसळली की मी फोन कानापासून लांब धरला. “घुसळती ब्येस. धुवायला बी सोपी हाय. शेजारची मागाय आलती, तिला हात लावू दिला न्हाई मी. वायर लांब करून पाठवा म्हनतीया मी, आन् ह्या म्हनत्यात टाकून दे! तुमच्या सासरच्या मानसांना कायतरी सांगायची सोय हाय का?”

मग तिनं तुमच्याबद्दल जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. ते सगळं इथं लिहीत नाही. महेशला लांब वायर घेऊन रविवारी रहिमतपूरला पाठवते आहे; जाताना कुरकुरत जाईल, पण जाईल. तुम्ही तेवढं ऐकायला हवं होतं, भावजी. कमलच्या तोंडून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसला एक शब्द निघाला नाही. समोर उभ्या असलेल्या, धडधाकट, रविवारपर्यंत वायर आणून द्यायलाच हवी अशा माणसाला घालतात, तसल्या शिव्या होत्या त्या.